सोनकांबळे सरांचे एकोणचाळीस शिंपले

दुष्काळात माणसं पाणी मागतात. आमचे सोनकांबळे सर गाळ मागायचे.

एवढं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलंय. पुढचं थोडं वाढवून सांगेन. ती माझी खोड आहे आणि अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी मराठीचा मास्तर, सर विज्ञानाचे. शाळा एक, टेबल एक. मी सांगितलेली गोष्ट दर खेपेला हातभर वाढायची आणि सर ती शांतपणे ऐकून म्हणायचे, "बिराजदार सर, मागच्या वेळी तुमचा साप सहा फुटी होता. आता नऊ फुटी झाला. मधल्या तीन फुटांची नोंद कुठं करू?"

आमचं गाव निलंगा तालुक्यात, मांजरेच्या काठी. त्या साली काठ तेवढा होता, मांजरा नव्हती. नदीत उभे राहणारे बगळे एस.टी. स्टँडवर उभे दिसायचे, दुसऱ्या तालुक्याची गाडी कधी लागते ते बघत. टँकर आठवड्यातून दोनदा. तो आला की घागरी, कळशा, डबे, एकदा तर कुणीतरी पाळणाही घेऊन आलं होतं. आणलेलं पाणी रांजणात थोडं बसू द्यायचं, वरचं अलगद काढून त्यात तुरटी फिरवायची, ते प्यायचं. तळाचा चिखल भांडी घासायला.

नेमकं त्या वेळी सर बादली घेऊन दारात. "अक्का, तळचं हाय का, तळचं?"

आणि फुकट नाही मागायचे. स्वतःच्या वाट्याचं निवळ पाणी सोबत आणायचे. एक तांब्या निवळ द्यायचा, दोन तांबे गढूळ घ्यायचे.

आमची सौ. पहिल्यांदा हे बघून आत आली ती पदर तोंडाला लावूनच. "अवो, तुमचे सर निवळ पानी देऊन चिखल घेऊन चालले. डोकं ठिकाणावर हाय का त्यांचं?"

"ते विज्ञान शिकवतात," मी म्हणालो.

"मंग बराबर," म्हणाली आणि तांब्या रिकामा करून घेतला.

शाळेच्या मागं एका खोलीत सर एकटे राहायचे. मूळचे उमरीकडचे. खोलीत एक खाट, एक स्टो, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली पुस्तकांचा ढीग. खोलीपुढं सिमेंटचा एक जुना हौद होता. त्या हौदात गढूळ पाण्याच्या तळाशी एकोणचाळीस शिंपले राहायचे. तळचं पाणी त्यांच्यासाठी. ते का, हे सरांनी मला तीनदा समजावून सांगितलं होतं. पण सरांचं समजावणं असं होतं की ते सुरू झालं की आधी जे कळलेलं असायचं तेही निघून जायचं. शेवटी ते विचारायचे, "कळलं का? न्हाई ना? छान! आता पुढं जाऊ." वर्गातही हेच. पोरं घरी जाऊन सांगायची, आज आम्हाला लई कळलं न्हाई, सर लई खूश झाले.

या सगळ्याचं मूळ एक पुस्तक. नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडून आणलेलं, इंग्रजी, बिनपुठ्ठ्याचं. शिंपल्यात मोती कसा होतो, यावर जुन्या शास्त्रज्ञांनी काय काय खटपटी केल्या त्याची हकिकत. सर्वांत आधीचे लोक म्हणायचे, शिंपला पहाटे वर येतो, तोंड उघडतो आणि दवाचा थेंब गिळतो, त्याचा मोती. मग एकजण म्हणाला, दव नव्हे, वाळूचा कण. तो आत टोचतो, शिंपला त्याच्यावर लेप चढवत बसतो. दुसऱ्यानं ढिगानं मोती कापून पाहिले, तर मध्ये वाळू नाहीच! कुठं जंताचं अंडं, कुठं काहीच नाही. तो म्हणाला, जंत. तिसरा म्हणाला, वाळू असो की जंत, खरी करामत शिंपल्याच्या आतल्या कातडीची आहे. हे सगळे एकमेकांवर तुटून पडले होते. सर ते असं सांगायचे की जणू ही मंडळी आमच्याच पारावर बसून भांडत आहेत. आणि मग पान एकशे चव्वेचाळीस. त्याची शेवटची ओळ अशी होती: 'तेव्हा मोती तयार होण्याचे खरे कारण'.

त्यापुढं वाळवी.

"साहेबाला ठाऊक होतं," सर म्हणायचे, "वाळवीला ठाऊक हाय. फक्त मला न्हाई."

पुढचं पान स्वतःच शोधायचं, असं त्यांनी ठरवलं. नदीत पाणी होतं त्या काळात सरांनी आणि मॅडमनी मिळून हे शिंपले डोहातून काढले. मॅडम म्हणजे सरांच्या पत्नी, त्याही शिक्षिका. शिंपला थोडा उघडून त्याच्या आत काय ते ठेवायचं, हे काम सरांच्या हातून होईना. साठ पोरांच्या वर्गाला न घाबरणारा माणूस, पण शिंपल्यानं दार मिटलं की यांचा हात मागं यायचा. मॅडमनी लिंबाच्या काडीची पाचर केली, भरतकामाची सुई उकळून घेतली आणि दोन दिवसांत एकोणचाळीस जणांची ऑपरेशनं उरकली. तेरा शिंपल्यांत वाळूचा कण. तेरांत गोगलगायीतून काढलेला बारीक जंत. आणि उरलेल्या तेरांत नुसती सुई टोचली, ठेवलं काहीच नाही.

"काहीच ठेवायचं नव्हतं तर टोचलं कशाला?" मी विचारलं.

"काहीच न ठेवल्यानं काय होतं ते बघायला."

"आणि त्याच्यातून मोती निघाला तर?"

"तर वाळूचाही दोष न्हाई, जंताचाही न्हाई. कळलं का?"

"नाही."

"छान!"

कुणात काय आहे ते ओळखू यावं म्हणून मॅडमनी शिंपल्यांच्या पाठीवर लाल नखपॉलिशचे ठिपके दिले. वाळूला एक, जंताला दोन, काहीच नाही त्याला तीन. तीन वर्षं थांबायचं आणि मग उघडायचे, दोघांनी मिळून. सगळा खेळ त्या ठिपक्यांवर होता.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, यांना हा प्रकार मान्य नव्हता. ते हौदाच्या काठावर काठी टेकून बसायचे. "सर, मोती स्वाती नक्षत्राच्या थेंबाचा होतो. आमच्या आज्ज्यानं सांगितलंय."

"आज्ज्यानं बघितला होता का, अप्पा?"

"बगायला कशाला पायजे? यंदा स्वाती कोरडी गेली. तुमच्या शिंपल्यात काय बी न्हाई. ल्ह्याचं तर आत्ताच ल्ह्या."

सर खरोखर लिहायचे. जाड पुठ्ठ्याची एक वही होती, तीत रोज काहीतरी लिहिलं जायचं. अप्पांना वाटायचं, आपला शब्द सरकारदरबारी जाणार.

सरकारदरबाराचंही सांगतो. टँकरचं पाणी कमी पडू लागलं तेव्हा सर मला घेऊन लातूरला गेले, नदीतल्या एका खड्ड्यातलं पाणी रोज दोन घागरी उचलायची परवानगी मागायला. नवा जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. आम्ही कोणत्या कचेरीत गेलो ते सांगत नाही, कारण तिचं नाव तिलाही त्या दिवशी नक्की ठाऊक नव्हतं. पाटी रंगवून उन्हात वाळत टाकली होती. टेबल आलं होतं, खुर्ची यायची होती. कारकूनसाहेब फायलींच्या गठ्ठ्यावर बसून होते.

"दोन घागरी पाणी," सर म्हणाले. "गढूळ."

"गढूळ?"

"हाव. स्वच्छ नको."

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं. दवाखान्यात पेशंटशेजारी उभा असलेला माणूस हलवतो तशी मी मान हलवली.

"कशासाठी?"

"शिंपल्यांसाठी."

"शिंपला जनावरात मोडतो का?"

"मोडतो."

"मंग छावणीत दाखल करा. दावणीला जागा हाय, चारा बी भेटतो."

"ते गाळातलं खातात, चारा न्हाई."

"मंग जनावर कसं?" त्यांनी विजयी मुद्रेनं कागद परत केला. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, मोती निघणार असतील तर ते खाणीच्या खात्याकडं. तिसऱ्यांनी विचारलं, शिंपले काढले कधी? तीन वर्षांमागं? तेव्हा जिल्हा जुना होता, अर्ज जुन्या जिल्ह्याला करा. सर जुन्या जिल्ह्यालाही जाऊन आले. तिथं विचारलं, शिंपले आता राहतात कुठं? नव्या जिल्ह्यात? मग इथं कशाला आलात?

सर परत आले ते हसतच. "बिराजदार सर, हे एकोणचाळीस जीव कुठल्याच जिल्ह्यात न्हाईत!" मग थोड्या वेळानं, चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडमचंही तसंच झालं की."

मॅडमची शाळा उमरग्याच्या बाजूला. आमच्या गावाहून वीसेक मैल; रजेत सरच तिकडं जायचे. जिल्हा एक होता तोवर दोघांची एका गावी बदली व्हायची होती, अर्ज पुढं सरकला होता. मग वीस मैलांच्या मधून जिल्ह्याची हद्द गेली. सर इकडं नव्यात, मॅडम तिकडं जुन्यात. सरांनी याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यांनीही पेढे वाटले होते.

मे महिना आला, तीन वर्षं भरली. सुट्टी लागली तशी मॅडमना आणायला सर निघाले. पाच दिवसांचा मामला. जाताना हौद माझ्यावर सोपवला. "काही करू नका," म्हणाले. "फक्त तळचं पाणी घाला, उघडे किती मिटलेले किती ते कागदावर लिहा. वहीत मी येऊन उतरवीन."

आता 'काही करू नका' हे वाक्य ज्याला पाळता येतं तो मास्तर होत नाही.

तीन दिवस मी नुसता बघत बसलो. शिंपल्यांनी माझ्यासमोर जेवढं केलं तेवढंच आमचे मुख्याध्यापक वर्षभरात करायचे, म्हणजे काहीच नाही. आणि बघता बघता मला त्यांची दया यायला लागली. माझ्या मनात सरांविषयी एक सिद्धान्त होता. हा माणूस एवढा दानशूर की निवळ पाणी लोकांना देतो आणि आपल्या पदरी गाळ घेतो. आणि मालक दानशूर म्हणून या मुक्या जिवांनी जन्मभर चिखलात राहायचं! त्यात मॅडम येणार. तीन वर्षांनी आपले शिंपले बघणार. ते असे, गटारातल्यासारखे?

चौथ्या दिवशी सकाळी मी धोतर खोचलं. सौ.नं राख आणि नारळाच्या शेंड्या दिल्या. आम्ही दोघांनी एकोणचाळीस शिंपले बाहेर काढले आणि तांब्याची भांडी घासतात तसे घासले. काय चकाकले म्हणून सांगू! हौद धुतला. तोवर शिंपले ओले राहून बुरसटायला नकोत म्हणून सौ.च्या वाळवणाच्या पापडांशेजारी, धुतल्या पातळावर, उन्हात ओळीनं मांडले. दुपारपर्यंत मेमधलं ऊन. आमच्या वाटणीच्या दोन घागरी पाण्यात तुरटी फिरवली, तळाचं नाणं दिसेल इतकं निवळ केलं आणि त्यात ते सोडले. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस घट्ट मिटून बसले. मी कागदावर लिहिलं: 'उघडे शून्य. सर्व शांत झोपले आहेत.'

अप्पा आले, हौदात वाकून पाहिलं. "आता कसं, देवाच्या गाभाऱ्यावानी वाटतंय," म्हणाले. आम्हा तिघांना फार समाधान वाटलं.

पाचव्या दिवशी सर आणि मॅडम एस.टी.तून उतरले. मी स्टँडवर गेलो होतो. बॅग मीच उचलली. अंगणात आल्यावर एखाद्या प्रदर्शनाचं उद्घाटन करावं तसा हात केला. सर हौदाशी थांबले. मॅडम वाकल्या. एकेक शिंपला उलटून पाहू लागल्या. कौतुकानं बघत असतील, असं मला वाटलं.

"ठिपके कुठं हायत?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. राख, नारळाची शेंडी आणि लाल नखपॉलिश. तीन वर्षं पाण्यात टिकलेले ठिपके मी एका सकाळी घालवले होते.

सर उकिडवे बसले. एक शिंपला उचलला, बोटानं पाठ चाचपली, परत ठेवला. मग बादली उचलून निघाले. "अक्का, तळचं हाय का?" गल्लीत कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्या संध्याकाळी बायका स्वतःच कळशा घेऊन आल्या. ज्यांनी सरांना वेडं ठरवलं होतं त्याही आल्या. अप्पांनी आपल्या आंघोळीचं राखून ठेवलेलं पाणी त्यात माती कालवून आणलं. "गढूळच पायजे ना? हे घ्या, लई गढूळ केलंय."

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा शिंपले उघडे पडले होते. जिवंत शिंपला उघडतो तसे नाही. बोट लावलं तरी मिटेनात.

सरांनी ते ताटात घेतले. मॅडम शेजारी बसल्या. मी गुन्हेगारासारखा उभा. एकेक शिंपला सर बोटानं तपासत गेले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. असे दहा. अकराव्यात त्यांचं बोट थांबलं.

ज्वारीच्या दाण्याएवढा होता. जरासा वाकडा, दुधी. मी आयुष्यात एवढ्याशा वस्तूभोवती तीन शहाणी माणसं अशी डोक्याला डोकं लावून वाकलेली पाहिली नाहीत.

सरांनी शिंपला उलटा केला. पाठ लख्ख होती. एक ठिपका, दोन, तीन, काही नाही. वाळूचा होता? जंताचा होता? की काहीच नसण्याचा? आता ते कोण सांगणार? वाळवीनं निदान एकशे चव्वेचाळीस पानं ठेवली होती.

"मी घासले," मी म्हणालो.

"चांगले घासलेत," सर म्हणाले. टोमणा नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "तिसऱ्या तेरांतला असंल. एकाच्या वक्ताला माझी सुई निसटली व्हती. आतल्या कातडीचा बारीक तुकडा तुटून मधे गेला. तुमाला सांगितलं न्हाई, वाईट वाटंल म्हणून."

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. "'असंल' हे शास्त्र न्हाई, मॅडम." मोती अलगद सोडवत म्हणाले, "पण लिहून ठेवतो."

मग ती जाड वही काढून माझ्यापुढं ठेवली. मोती माझ्या हातावर ठेवला, "जरा धरा," म्हणाले. "आणि मधले पाच दिवस तुमचे. निरीक्षण ज्याचं त्यानं आपल्या हातानं उतरवायचं." स्वतः बादली घेऊन बाहेर गेले, अठ्ठावीस अजून मिटून होते, त्यांना जगवायचं होतं.

डाव्या मुठीत मोती धरून मी वही उघडली. रकाने आखलेले. तारीख. पाणी. उघडे. मिटलेले. पुढं 'उंची' असा रकाना: 'वरची आळी, दोन फूट.' 'पाराजवळ, एक फूट.' मला वाटलं, पाण्यात हवा मिसळायला उंचावरून ओतत असतील. मग माझ्याच घराचं नाव दिसलं. 'बिराजदार, जानेवारी, दीड फूट.' सौ. तांब्या उंच धरून, सरांच्या बादलीला लागू न देता पाणी कशी ओतायची, ते मला आठवलं. मार्चमध्ये 'अर्धा फूट'. एप्रिलमध्ये 'शून्य. भांडं टेकवलं.' बाकी एक शब्द नाही. मी तो रकाना पुन्हा वाचला नाही.

शेवटच्या रकान्याला नावच नव्हतं. मी वाचायला नको होतं, पण मी वाचलं. 'उघडे ३८. आज अप्पा हसले. तुम्हाला सांगायचे.' 'उघडे ३९. भेंडी केली, मीठ कमी.' 'पाणी नाही. बाहेर बांगड्या वाजल्या, उठून दार उघडले. बिराजदारांच्या घरातल्या होत्या.' 'बदलीचा अर्ज परत आला. कळवू नये.' तीन वर्षं, रोज एक ओळ. मला वाटायचं हा माणूस शिंपल्यांशी बोलतो.

मॅडमनी माझ्या हातातून वही कधी घेतली ते कळलं नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या. ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं तरी वाचतच होत्या. गल्लीतल्या दोन बायका त्यांना भेटायला आल्या आणि बघून तशाच परत फिरल्या.

सर गढूळ पाण्याची भरली बादली घेऊन आले. हौदात हळूहळू ओतली. वाकून मोजलं. "सात उघडले," म्हणाले.

मॅडमनी मान वर केली नाही. बोट एका ओळीवर ठेवलं होतं. "भेंडीला मीठ किती कमी झालं व्हतं?"

सरांनी बादली खाली ठेवली. परीक्षेत अवघड प्रश्न आल्यासारखा चेहरा केला. "अर्धा चमचा," म्हणाले. "अंदाजानं. मोजलं नव्हतं."

"मोजायचं ना," मॅडम म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले आणि पान उलटलं. सर त्यांच्या शेजारी, उंबऱ्याच्या उरलेल्या जागेत, अंग चोरून बसले आणि कुठली ओळ चाललीय ते बघू लागले.

माझ्या मुठीतला मोती घामानं ओला झाला होता. तो आता कुणाकडं द्यायचा, हे मला काही केल्या कळेना. आणि त्या दोघांना विचारावं, तर ते मोकळे नव्हते.